डाव्या चाकातली घोंगडी

अमृतचा फोन आला तेव्हा मी अंगणात उकिडवा बसून जीपच्या मागच्या डाव्या चाकाला शिव्या घालत होतो. अमृत म्हणजे माझा मेहुणा, रंगूचा धाकटा भाऊ. "दाजी, सोमवारी सकाळी घाट उतरतोय," तो म्हणाला. "आक्काला मेंढरं दावायची आसतील तर त्याच्या आत या. एकदा कुंभार्ली उतरून कोकणात गेलो की मग मिरगालाच वर."

त्या दिवशी गुरुवार होता. म्हणजे हातात चार दिवसही नव्हते, आणि चाक चार वर्षांत तसूभर हललं नव्हतं.

आम्ही धनगर. कवठेमहांकाळच्या पलीकडे, जिथे पाऊस यायचा विसरतो, तिथे आमची वाडी. मी बावीस वर्षं फौजेत गाड्या दुरुस्त केल्या आणि तेवढीच वर्षं माझी बायको रंगुबाई भावाबरोबर मेंढरांमागे चालली. दिवाळी झाली की कोकणात, पाऊस लागला की माघारी. मी हवालदार म्हणून घरी आलो तेव्हा माझ्याबरोबरच्यांनी साताऱ्यात घरं बांधली, कुणी कारखान्याच्या गेटवर बंदूक घेऊन बसले. मी लिलावात निघालेली फौजेची जुनी जीप आणली. लोक हसले. हसू देत. त्या जीपमध्ये भांडी, अंथरुणं, कोंबड्या आणि आदल्या रात्री जन्मलेली कोकरं घालून मी पुढे जायचो, तळाची जागा बघायचो, चूल मांडायचो आणि रंगू कळपामागून येताना दिसेपर्यंत रस्त्याकडे बघत बसायचो. अशी सहा वर्षं गेली. आयुष्यातली चांगली वर्षं कोणती असं कुणी विचारलं तर मी तीच सांगेन, आणि विचार करायला वेळही घेणार नाही.

मग चार वर्षांपूर्वी ओल्या दगडावरून पाय घसरून रंगूचा खुबा मोडला. सांगलीच्या डॉक्टरांनी आत सळई घातली. ती उभी राहिली, पण अंगण ओलांडायचं म्हटलं तरी काठी आणि माझा खांदा लागू लागला. मेंढरं अमृतच्या कळपात गेली, आणि पावसाळ्यातही तो कळप त्याच्याच गावाकडे राहू लागला, आमच्या वाडीला येईना. जीप मी रिकाम्या वाघुरीत, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या कुंपणात, लावून टाकली. मागे राहिलेली दोन-चार आजारी मेंढरं तिच्याच सावलीला बसायची आणि तिथेच मुतायची. मेंढराचं मूत लोखंडाला किती लागतं हे मला कळायला हवं होतं. पण त्या दिवसांत माझं चित्त कुठे थाऱ्यावर होतं.

रंगूने कधी तक्रार केली नाही. मुलगा रविराज आणि सून शिरवळला कारखान्यात कामाला, दोघांच्या पाळ्या वेगळ्या, म्हणून नात उत्कर्षा आमच्याकडे असते. पाचवीत आहे. तिची वेणी घालावी, डाळ निवडावी आणि मावळतीकडे तोंड करून बसावं, एवढंच रंगूचं चाललेलं. दिवसातून एकदा विचारायची, "आता कुठं आसतील वं?" मी शेजारी बसलेला असायचो, आणि तिला आठवण मेंढरांची यायची. याचा मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? बावीस वर्षं मी हिमालयात हिची आठवण काढली. आता कुठे हिच्याजवळ बसायला मिळालं, तर ही मनाने निघून गेलेली.

दसऱ्याला ती पहिल्यांदा उघड बोलली. "मला एकदा तळावर न्या. लय दिस झालं, मेंढराच्या अंगाला हात लागला न्हाई." रविराजने त्याची मोटार आणली. पण त्या बुटक्या सीटवर तिचा खुबा दुमडेना, पाच मिनिटांत ती घामाघूम झाली. तळ पाटणच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, नुसत्या दगडगोट्यांच्या वाटेवर. तिथे पाय लांब करून बसता येईल अशी एकच गाडी मला माहीत होती. मी मनात सगळं ठरवूनही टाकलं. ती, मी आणि जीप. जुन्या जागी एक दिवस, पहिल्यासारखा.

शुक्रवारी सकाळी जीप ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून मी कुपवाडला नेली, जयपालअण्णांच्या शेडवर. अण्णा जैन, साठी ओलांडलेले, अंगात बिनडागाची पांढरी बंडी. ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालणाऱ्या माणसाची बंडी पांढरी कशी राहते, ते मला आजवर समजलेलं नाही. अख्ख्या एमआयडीसीत गंजून बसलेली बेअरिंग काढावीत तर त्यांनीच.

त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "हवालदार, चार वर्षं मेंढरात उभी केली व्हय? फौजेत असं केलं असतं तर तुमाला उलटं टांगलं असतं."

"अण्णा, ओरडा नंतर. रविवारी मला पाटणला पोचायचं हाय."

का, ते मी सांगितलं. अण्णांनी पान्हा हातात घेतला.

उजवं चाक आधी घेतलं. मोठा नट सुटला, ड्रमला पुलर, म्हणजे ओढून काढायचा शिकंजा, लावून दोन टोले दिले तसा ड्रम हातात आला. मग ॲक्सलच्या टोकाला एक लांब सळई जोडली. त्या सळईवर एक लोखंडी वजन पुढे-मागे सरकतं. ते जोरात मागे आपटायचं, म्हणजे आतला ॲक्सल हिसक्याने बाहेर येतो. सात-आठ हिसक्यांत ॲक्सल बेअरिंगसकट बाहेर आला. बेअरिंगच्या तोंडाशी काळं, मऊ, तेलाने चिंब झालेलं लोकरीचं कडं होतं. अण्णांनी ते चिमटीत धरलं. "हे काय घातलंय?"

"घोंगडी. मूळचं फेल्टचं कडं झिजलं होतं, तळावर दुकान कुठलं? मग घोंगडीचं कापलं. पानी आत जाऊ नये म्हनून."

"झकास काम हाय. लोकर धुऊन, पिळून, तेलात मुरवून घातलीय. ज्यानं केलं त्याला अक्कल हाय." माझी मान ताठ झाली. मी गप्प राहून कौतुक पदरात पाडून घेतलं.

डाव्या चाकाशी मात्र गाडं अडलं. नट सुटला, पण पुलर आवळून, वरून टोले घालून ड्रम हलेना. "तापवू या," मी म्हणालो. अण्णांनी गॅसची नळी उचलली, खाली वाकून बघितलं आणि परत ठेवून दिली.

"काय झालं?"

"मुंग्या हायत."

खरंच होत्या. ड्रमच्या मागे माती आणि लेंड्यांचा थर बसला होता, त्यातून लाल मुंग्यांची रांग आत-बाहेर करत होती. तोंडात पांढरी अंडी. मी म्हणालो, "मग? तापवल्यावर जातील."

"जळतील," अण्णा म्हणाले. "आधी त्यांना जाऊ दे."

माझा पारा चढला. शुक्रवारची दुपार झालेली, तिकडे अमृत बाडबिस्तरा बांधायला लागलेला, आणि हा माणूस मुंग्यांची वाट बघणार! मी म्हणालो, मी स्वतः तापवतो, पाप मला लागू दे. अण्णांनी गॅसची चावी काढून बंडीच्या खिशात टाकली. मग घरात जाऊन मूठभर पीठ-साखर आणली, चाकापासून भिंतीपर्यंत त्याची रेघ ओढली आणि भिंतीशी छोटा ढीग केला. वर ब्रशने हळूहळू माती मोकळी करत बसले. "तुमी ऱ्हावा तिथं," ते मला म्हणाले. "घर सोडायचं म्हणजे वेळ लागतो कुणालाबी."

मी रस्त्यावर जाऊन दोन चहा प्यालो, परत येऊन दात-ओठ खात बसलो. सुटी झालेल्या कामगारांच्या मोटारसायकली घराकडे गेल्या. ऊन कलायला लागलं तेव्हा शेवटची मुंगी भिंतीकडे गेली. अण्णांनी पुलर पुन्हा लावला, जीव खाऊन आवळला, सांध्यात डिझेल सोडलं. तेवढ्यात आतून अण्णांच्या बायकोने, चंदनबालावहिनींनी, हाक मारली. सूर्य बुडायच्या आत जेवायचं हा त्यांचा नेम. "रात्रभर ताणात ऱ्हाऊ दे त्याला," अण्णा हात धुताना म्हणाले. "उद्या बघू."

मी शेडमधल्या बाकड्यावर झोपलो. झोपलो म्हणजे आडवा झालो. घरी फोन केला तर शेजारच्या बनुबाईने उचलला, रंगूला दिला. ती एवढंच म्हणाली, "हुईल न्हवं?" मी म्हणालो, हुईल. मला अजिबात खात्री नव्हती.

शनिवारी सकाळी अण्णांनी पुलरच्या माथ्यावर एकच टोला घातला आणि बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज होऊन ड्रम सुटला. पण खरी झोंबी पुढेच होती. बेअरिंगचं बाहेरचं कडं ॲक्सलच्या नळीत गंजून एकजीव झालं होतं. नळी बाहेरून तापवायची, वजनाचे हिसके द्यायचे, थंड होऊ द्यायची, डिझेल सोडायचं, पुन्हा तापवायची. अण्णा दमले की मी, मी दमलो की अण्णा. शंभराच्या पुढे मी हिसके मोजायचे सोडले. खांदा बधिर झाला. एकदा वजन निसटून माझ्या अंगठ्यावर आलं, नख काळं पडलं. अण्णा म्हणाले, थांबा. मी म्हणालो, न्हाई थांबत. बारा वाजून गेले होते. आज हा ॲक्सल निघाला नाही तर रंगूला मेंढरं दिसणार ती जूनमध्ये, आणि गेल्या पावसाळ्यात ती ज्या तऱ्हेने खंगली होती ते बघता जूनचा भरवसा मला वाटत नव्हता. हे मी कुणाला बोललो नव्हतो. त्या वजनाला मात्र सगळं ठाऊक होतं.

दीडच्या सुमाराला आत काहीतरी कुरकुरलं. पुढचा हिसका दिला, ॲक्सल बोटभर बाहेर आला. अण्णा ओरडले, "सोडू नका, हाणा!" आणखी दहा-बारा हिसक्यांत तो बाहेर येऊन माझ्याच अंगावर पडला. मी जमिनीवर बसून लहान पोरासारखा हसत होतो.

अण्णा हसत नव्हते. ते बेअरिंगच्या तोंडाशी अडकलेलं कडं पटाशीने खरवडत होते. हीसुद्धा घोंगडीच, पण दगडासारखी कडक, अर्धी कुजलेली, बेअरिंगला चिकटून बसलेली. त्यांनी त्याचा तुकडा कपभर गरम पाण्यात टाकला. थोड्या वेळाने बोटांनी चोळला तर बोटांवर बुळबुळीत चिकट थर आला.

"खळ हाय," अण्णा म्हणाले. "चिंचोक्याची. नव्या घोंगडीला लावतात ती. धुतलीच न्हाई ही. खळीनं पाणी धरून ठेवलं, बेअरिंग त्यात सडलं. मुंग्याबी त्यालाच लागल्या असणार. हवालदार, उजवं ज्यानं केलं त्यानंच हे केलं?"

मला सगळं लख्ख आठवलं. हेळवाकच्या तळावर भुरभुर पाऊस होता. मी नव्या घोंगडीच्या कोपऱ्यातून दोन कडी कापली. रंगू म्हणाली, "आवं, आधी गरम पान्यात घालते. खळ हाय त्यात." मी म्हणालो, "बावीस वर्षं मी हेच केलंय, तू मेंढरं बघ." आणि डावं कडं तसंच ठोकून बसवलं. जेवून आलो तर दुसरं कडं बॉनेटवर सुकत पडलेलं, मऊ, तेल लावलेलं. माझ्या डोक्यात काही आलं नाही. मी ते उचलून उजवीकडे बसवलं. पुढे जीप अडून बसल्यावर अख्ख्या वाडीला मी सांगत फिरलो, की रंगूने मागे मिठाची पोती लादली, मीठ पाझरून चाक धरलं. तिच्यासमोर सांगितलं. ती निवडत असलेल्या डाळीवरची नजर वर उचलत नसे.

"न्हाई," मी अण्णांना म्हणालो. "उजवं बायकोनं केलं. हे माझं."

अण्णांनी ते कडं बाजूला टाकलं. त्यांनी नवी बेअरिंग प्रेसमध्ये दाबून बसवली, रबराची सील घातली, ब्रेक जुळवले. मुंग्यांपायी गेलेल्या वेळेबद्दल मी एक शब्द काढला नाही.

तिन्हीसांजेला जीप स्वतःच्या चाकांवर वाडीत शिरली. रंगू काठी टेकत अंगणाच्या कडेपर्यंत आली. मी उतरून आधी कबूल केलं, नाहीतर धीर झाला नसता. "रंगू, मीठ नव्हतं. माझी खळ होती. तू सांगितलं होतंस."

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"मग चार वर्षं बोलली का न्हाईस?"

"तुमी कवा कुनाचं ऐकलं?" ती म्हणाली, आणि हसली. किती दिवसांनी हसली! त्या हसण्यासाठी मी आणखी दहा ॲक्सल काढले असते.

रविवारी उत्कर्षाला बनुबाईकडे सोपवून आम्ही निघालो. मागे गोधडी पसरून रंगूला बसवलं, पाय लांब करून. विटा गेलं, कराड गेलं. मागून ती रस्ता सांगत होती, कुठल्या शेतात कळप बसवला होता, कुठली विहीर गोड. पाटणच्या पुढे वाट चढायला लागली. मी वळून बघितलं तर ती दोन्ही हातांनी बाजूची दांडी धरून, मान उंच करून बघत होती. आमच्या लग्नातही तिने इतक्या ओढीने कुणाकडे बघितलं नसेल, आणि नवरदेव मी होतो.

तळावर अमृतने आणि त्याची मुलगी सोनम हिने तिला उचलून खाली घेतलं. मेंढरं उन्हात पसरली होती. रंगूने जिभेने मेंढरं बोलवायचा टकटक आवाज काढला, मग लांब हाक दिली. कळपातल्या निम्म्या मेंढरांनी तिला कधी बघितलंही नव्हतं. ती चरत राहिली. पण पाच-सहा म्हाताऱ्या मेंढ्यांनी माना वर केल्या, आणि रेटारेटी करत आल्या. रंगू खाली बसली. एकीच्या लोकरीत तिने दोन्ही हात मनगटापर्यंत खुपसले आणि रडली. मी लांब जाऊन टायरातली हवा बघत बसलो. हवा ठीक होती.

संध्याकाळी तिने भाकरी थापल्या, बसूनच. कुणाला हात लावू दिला नाही. माझ्या ताटात भाकरी टाकताना तिचा चेहरा चुलीच्या उजेडात तोच होता, सहा वर्षांतला. मी मनात म्हणालो, झालं, मिळाली परत.

सोमवारी फटफटीत उजाडल्यावर पालं सुटली. मी जीप चालू करून उभा होतो, आमचं सामान मागे टाकायचं आणि निघायचं. रंगू आली ती कोकरं घेऊन. चार-पाच कोकरं तिने मागे सोडली, मग सोनमला म्हणाली, "पोरी, गाडी तू हाकशील न्हवं?"

सोनमने गावात दुसऱ्यांची पिकअप चालवली होती, जीप तिला काही नवी नव्हती. ती माझ्याकडे बघायला लागली. मीही रंगूकडे बघायला लागलो.

"मी जाते ह्यांच्यासंगं," रंगू म्हणाली. "चालता येत न्हाई, पर कोकरं सांभाळीन, भाकरी करीन. गाडी हाय आता."

"आनी मी?"

"उत्कर्षाची साळा हाय. तिला कोन बघनार? रविराजला जमत न्हाई." तिने माझी बाही धरली, सगळ्यांदेखत, जे तिने कधी केलं नव्हतं. "तितं बसून मी मरायला लागले हुते. तुमाला दिसत हुतं, मला ठावं हाय. जाऊ द्या मला."

मला म्हणायचं होतं, मी तुझ्यासाठी ॲक्सल काढला, तुला धाडायला नाही काढला. मला म्हणायचं होतं, माझ्याकडे बघ. पण तोंडातून निघालं ते असं, "सोनम, डाव्या चाकाकडं ध्यान ठेव. पन्नास मैलांनी हात लावून बघ, गरम लागलं तर थांबायचं."

हेळवाकपर्यंत मी कळपाबरोबर चालत आलो. तिथून रस्ता घाटाकडे वळतो. मेंढरं पुढे गेली, घोडी गेली, मग जीप. मागे कोकरांच्या मधे रंगू बसलेली. तिने एकदाही वळून बघितलं नाही. रजा संपवून निघताना मीही कधी बघत नसे. वळून बघितलं तर पाय निघणार नाही, अशी माझी समजूत होती. बावीस वर्षांत किती वेळा निघालो असेन मी असा! मागे उभ्या राहणाऱ्याचं काय होतं, ते मला पन्नाशी उलटल्यावर हेळवाकच्या फाट्यावर कळलं.

इंजिनचा आवाज बराच वेळ येत होता. डावं चाक वाजत नव्हतं. काम चोख झालं होतं.

मग एसटी आली. मी चढलो, मागच्या सीटवर बसलो. कंडक्टर आला.

"कुठं आजोबा?"

"चिपळूण," मी म्हणालो.

"आवं, ही कराडला चाललीय. चिपळूण तिकडं, मागं ऱ्हायलं."

"व्हय," मी म्हणालो, "कराडच द्या," आणि खिशात पैसे शोधायला लागलो.